नाराच्या तोदाइजीला पहिल्यांदा जाताय? आधी हे वाचा

मी ओसाकात राहते. भारतातून कुणी आलं की एक दिवस नारासाठी राखून ठेवते. आजवर आई, मावशी, दोन मैत्रिणी, भाऊ-वहिनी आणि शेजारच्या काकू अशा सगळ्यांना तोदाइजी, म्हणजे तिथलं महाबुद्धाचं मंदिर, दाखवून झालंय. माझी स्वतःची पहिली फेरी मात्र फसली होती. डिसेंबरातला दिवस, पोचायला पावणेपाच झाले आणि पाचला दार बंद. एवढ्या मोठ्या बुद्धासमोर मला जेमतेम दहा मिनिटं मिळाली. तुमचं तसं होऊ नये म्हणून हे सगळं क्रमानं लिहितेय.

जाण्याआधी एवढं माहीत असू द्या. ७३५ ते ७३७ या काळात जपानमध्ये देवीची भयंकर साथ आली, माणसं पटापट गेली. त्यानंतर सम्राट शोमूनं ७४३ मध्ये महाबुद्ध घडवायचा हुकूम काढला. ज्याच्याकडे काहीच नाही त्यानं गवताची एक काडी किंवा मूठभर माती आणली तरी ती घ्या, असं त्यात लिहिलं होतं. आत बसलेल्या बुद्धाचं जपानी नाव 'रुशाना', म्हणजे आपला वैरोचन. ७५२ साली या मूर्तीचे डोळे रंगवले ते बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूनं. त्याच्या कुंचल्याला लांब दोऱ्या बांधल्या होत्या आणि जमलेल्या लोकांनी त्या हातात धरल्या होत्या. डोळे उघडण्याच्या त्या क्षणाला सगळ्यांचाच हात लागावा, म्हणून. तो कुंचला आणि ती निळी दोरी मंदिरामागच्या शोसोइन भांडारात आजवर जपलेली आहे. हे ठाऊक असलेला माणूस आणि नसलेला माणूस, दोघं एकाच बुद्धासमोर उभे राहतात, पण दोघांना वेगवेगळं दिसतं. आईच्या वेळी मला हे कळलं.

बरोबर काय घ्यायचं

- मूळ पासपोर्ट. पर्यटकानं तो कायम जवळ बाळगावा असा जपानचा कायदाच आहे. फोटोकॉपी किंवा मोबाइलमधला फोटो चालत नाही.
- रोख येन: हजाराच्या नोटा, शंभराची नाणी आणि पाच येनची थोडी नाणी. पाच येनच्या नाण्याला मधे भोक असतं.
- इकोका किंवा सुइका कार्ड, ट्रेन-बससाठी.
- चालायचे बूट. निम्मा रस्ता खडीचा आणि दगडी पायऱ्यांचा आहे.
- हातरुमाल. बऱ्याच स्वच्छतागृहांत हात पुसायला काहीच नसतं.
- कचऱ्यासाठी एक पिशवी आणि ती ठेवायला चेन असलेली बॅग. बागेत कचरापेटी शोधून सापडत नाही.
- हिवाळ्यात एक जादा स्वेटर. बुद्धाचं सभागृह गरम केलेलं नसतं.

## १. दिवस आणि वेळ ठरवा

महाबुद्धाचं सभागृह, म्हणजे दाइबुत्सुदेन, एप्रिल ते ऑक्टोबर सकाळी ७:३० ते संध्याकाळी ५:३० उघडं असतं, नोव्हेंबर ते मार्च ८ ते ५. साडेनऊनंतर शाळांच्या सहली येऊ लागतात. रंगीत टोप्या घातलेली दोन-दोनशे मुलं एकदम आत शिरतात. मुलं गोड असतात, पण शांतता उरत नाही. म्हणून सकाळी उघडता उघडता पोचा. क्योतोहून सकाळच्या ट्रेननं निघालात तर हे सहज जमतं.

अर्धा दिवस तरी हाताशी ठेवा. 'सकाळी नारा, दुपारी क्योतोची तीन देवळं' असा बेत आखून आलेले पाहुणे मी पाहिलेत. संध्याकाळी त्यांना कुठला फोटो कुठल्या देवळाचा हेच आठवत नाही.

खास दिवस गाठायचा असेल तर तीन सांगते. नववर्षाच्या रात्री बारापासून सकाळी आठपर्यंत आत जायला पैसे लागत नाहीत आणि सभागृहाच्या दर्शनी भिंतीतली वरची खिडकी उघडतात. बाहेरच्या अंगणातूनच बुद्धाचा चेहरा दिसतो. १५ ऑगस्टच्या रात्रीही ती खिडकी उघडते. ७ ऑगस्टला मूर्तीला स्नान-सफाई असते. पांढऱ्या कपड्यातले लोक दोरांना लटकून बुद्धाच्या छातीवरची धूळ झाडतात. मार्चमधल्या उत्सवाबद्दल शेवटी लिहिलंय.

## २. योग्य स्टेशनवर उतरा

नारात दोन स्टेशनं आहेत, नवखा माणूस इथेच चुकतो. मंदिराच्या जवळचं ते किन्तेत्सु या खासगी रेल्वेचं, किन्तेत्सु नारा. तिथून तोदाइजी चालत वीसेक मिनिटांवर आहे. जेआरचं (जपान रेल्वेचं) नारा स्टेशन बरंच लांब पडतं, तिथून बस घ्यावी लागते. जेआर पास असेल तर जेआरनं जा, नसेल तर किन्तेत्सु बरं.

क्योतोहून किन्तेत्सुची जलद गाडी सुमारे ३५ मिनिटं घेते, पण तिला वेगळं जादा तिकीट लागतं. साधी एक्सप्रेस थोडा जास्त वेळ घेते, जादा पैसे लागत नाहीत. एक सापळा लक्षात ठेवा: क्योतोहून सुटणाऱ्या काही गाड्या नाराला न जाता काशिहारा-जिंगूमाएकडे वळतात. अशा गाडीत बसला असाल तर यामातो-साइदाइजीला उतरून गाडी बदला. ओसाका-नाम्बाहून थेट गाडी आहे, चाळीसेक मिनिटांची.

मोठी बॅग असेल तर स्टेशनवरच्या लॉकरमध्ये टाका. वर आलात की चौकात कारंजं दिसेल, त्यावर एका भिक्षूचा पुतळा आहे. तो ग्योकी. महाबुद्धासाठी गावोगाव फिरून त्यानं लोकांना गोळा केलं. बोधिसेन ७३६ मध्ये समुद्रमार्गे आला तेव्हा बंदरावर त्याला सामोरा गेला तोही हाच. मूर्ती पुरी होण्याआधी, ७४९ मध्ये, ग्योकी वारला. मी पाहुण्यांना त्याच्यासमोर उभं करूनच पुढे नेते.

वयस्कर मंडळी असतील तर चालू नका, बस घ्या आणि 'तोदाइजी दाइबुत्सुदेन – कासुगा ताइशा माए' या थांब्यावर उतरा. पुढे पाचेक मिनिटं चालायचं.

## ३. हरणांशी नीट वागा

नाराच्या बागेत हजाराहून जास्त हरणं मोकळी फिरतात. शेजारच्या कासुगा देवस्थानचा देव पांढऱ्या हरणावर बसून आला अशी श्रद्धा आहे, म्हणून ती पवित्र. कुणाच्या मालकीची नाहीत, पाळीव तर नाहीतच. हे लोक विसरतात.

हरणांना द्यायचं ते फक्त 'शिका सेंबेइ', टपरीवर मिळणारी कोंड्याची गोल बिस्किटं. चिवडा, पोळी, केळं काही देऊ नका. बिस्किटांचा गठ्ठा हातात पडताच दहा हरणं भोवती जमतात. मग काय करायचं? वाकून नमस्कार करणाऱ्या हरणाला लगेच बिस्किट द्या. फोटोसाठी हात उंच धरून ताटकळत ठेवलंत तर ते चावतं किंवा ढुशी देतं, आणि चूक त्याची नसते. बिस्किटं संपली की दोन्ही रिकामे तळवे त्यांच्यासमोर धरा. त्यांना कळतं, ती निघून जातात.

आई साडी नेसून आली होती. एका हरणानं मागून पदराचं टोक तोंडात धरलं आणि सावकाश चघळायला लागलं. आईनं जोरात ओढलं असतं तर पदर फाटला असता. टपरीवरच्या आजी धावत आल्या, हरणाच्या नाकासमोर एक बिस्किट धरलं, त्यानं तोंड उघडलं आणि पदर सुटला. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते: पदर खोचा, ओढणी गळ्याला गुंडाळा, नकाशा आणि तिकीट बॅगेत ठेवून चेन लावा. कागद ती खातातच. प्लॅस्टिकची पिशवी खाल्ली तर पोटात साठून मरतात, म्हणून वेफरचं रिकामं पाकीटसुद्धा हातात ठेवू नका.

शरद ऋतूत माजावरच्या नरांपासून लांब राहा. मे ते जुलैत पाडसाला हात लावू नका, आई जवळच असते.

## ४. महाद्वारात थांबा, नुसते जाऊ नका

रस्ता तुम्हाला नान्दाइमोन या लाकडी महाद्वाराखाली नेतो. ११९९ मध्ये उभारलेलं हे द्वार रंग उडालेलं, करडं, प्रचंड आहे. हरणांच्या गडबडीत लोक दोन्ही बाजूंच्या जाळ्यांकडे न बघताच पुढे जातात. तिथे अंधारात सुमारे साडेआठ मीटर उंचीचे दोन द्वारपाल उभे आहेत. उंकेइ आणि काइकेइ या शिल्पकारांनी सोबत्यांसह १२०३ मध्ये, लाकडाचे हजारो तुकडे जोडून, सत्तरेक दिवसांत ते घडवले.

त्यांची तोंडं बघा. एकाचं उघडं, एकाचं मिटलेलं. उघडं तोंड 'आ' म्हणतं, मिटलेलं 'उन्'. संस्कृत वर्णमालेतला पहिला आणि शेवटचा उच्चार असा त्याचा अर्थ लावतात. सगळ्याचा आरंभ आणि सगळ्याचा शेवट. जपानी मित्राला विचारलंत तर दोन जिवलगांच्या जुळलेल्या श्वासालाही ते 'आ-उन्' म्हणतात.

जाळीमुळे फोटो बरा येत नाही. जाळीला नाक लावून डोळे अंधाराला सरावू द्या, पायाच्या शिरा दिसायला लागतात.

## ५. तिकीट डावीकडे मिळतं

पुढे लाल रंगाचा मधला दरवाजा दिसतो आणि त्यातून थेट सभागृह. तो एरवी बंद असतो. तिथे उभं राहून आत कसं जायचं म्हणून चाचपडू नका. फोटो काढून डावीकडे वळा, कोपऱ्यात तिकीटखिडकी आहे. मी शेवटची गेले तेव्हा मोठ्यांना ८०० येन होते. तोदाइजीच्या संग्रहालयाचं तिकीट वेगळं, दोन्ही मिळून घेतलं तर थोडं स्वस्त पडतं. रोख तयार ठेवा.

## ६. हात धुणं, उदबत्ती, नमस्कार

पाण्याचं कुंड आणि लांब दांड्याच्या पळ्या दिसल्या की असं करा: उजव्या हातात पळी धरून डावा हात धुवा, मग पळी डाव्या हातात घेऊन उजवा. पुन्हा उजव्या हातात घ्या, डाव्या ओंजळीत पाणी ओतून चूळ भरा आणि ती कुंडाबाहेर टाका. पळी तोंडाला लावायची नाही. शेवटी पळी उभी करून उरलेलं पाणी दांड्यावरून ओघळू द्या, पुढच्या माणसासाठी. हे सगळं एका पळीभर पाण्यात होतं.

सभागृहासमोर मोठं धूपपात्र आहे. शेजारी उदबत्ती मिळते, पैसे पेटीत टाकायचे. दुसऱ्याच्या पेटलेल्या उदबत्तीवर आपली पेटवू नका, त्याचं दुःख आपल्याकडे येतं असं इथे मानतात. ज्योत हातानं वारा घालून विझवा, फुंकर मारू नका. आपल्याकडेही निरांजनावर कुणी फुंकर घालत नाही, तेच इथे.

जवळच अष्टकोनी ब्राँझचा दीपस्तंभ आहे. मंदिराला लागलेल्या दोन मोठ्या आगींतून वाचलेला, आठव्या शतकातला, पहिल्या मंदिरापासूनचा. त्यावर बासरी वाजवणारा बोधिसत्त्व कोरलाय. त्याचं वस्त्र वाऱ्यानं उडतंय, गाल किंचित फुगलेत. दोन मिनिटं द्याच.

नमस्काराचा नियम सोपा आहे. बौद्ध मंदिरात टाळ्या वाजवायच्या नाहीत. नाणं पेटीत हळूच सोडा, हात जोडा, मान झुकवा, झालं. हात जोडणं आपल्याला शिकवावं लागत नाही. दोनदा वाकून दोन टाळ्या आणि पुन्हा एकदा वाकणं हे शिंतो देवस्थानात, म्हणजे जिथे तोरी कमान असते तिथे. जवळच्या कासुगाला गेलात तर तिथे ते करा. पाच येनच्या नाण्याला 'गोएन' म्हणतात आणि ऋणानुबंध या अर्थाचा शब्दही 'गोएन'च, म्हणून पेटीत ते टाकण्याची रीत आहे.

नारळ, हार, पेढे नेऊ नका. ठेवायला जागा नसते आणि तिथली मंडळी अवघडतात.

## ७. सभागृहात

बूट काढायचे नाहीत. आपल्याला चुकल्याचुकल्यासारखं होतं, पण इथे तसंच आहे. क्योतोच्या कित्येक मंदिरांत मात्र काढावे लागतात, तेव्हा मोजे धड असू द्या. दाराचा उंबरा मोठा आहे. त्यावर पाय देऊ नका, ओलांडून जा. आईला हे सांगावंच लागलं नाही.

आत गेल्यावर आधी फोन बाहेर काढू नका. मान वर करून नुसतं बघा. बुद्ध सुमारे पंधरा मीटर उंच आहे, बसलेला. उजवा हात अभयमुद्रेत, डावा वरदमुद्रेत. मग रंगातला फरक पाहा. मूर्ती एका काळाची नाही. ८५५ च्या भूकंपानंतर डोकं निखळलं. ११८० आणि १५६७ च्या लढायांत मंदिर जळलं. दुसऱ्या आगीनंतर बुद्ध शंभराहून जास्त वर्षं बहुतेक उघड्यावर बसून होता, पावसात, बर्फात. कोकेइ नावाच्या भिक्षूला ते बघवेना. तो वर्षानुवर्षं देशभर फिरून वर्गणी मागत राहिला. १६९२ मध्ये नवं डोकं बसवलेल्या मूर्तीचे डोळे उघडण्याचा सोहळा झाला. सभागृह १७०९ मध्ये पुरं झालं, पण कोकेइ १७०५ मध्येच गेला होता. पैसा आणि लाकूड पुरेना म्हणून हे सभागृह मूळच्या अकरा खणांऐवजी सात खणांचं बांधलं. तरीही ते सत्तावन्न मीटर रुंद आहे.

माणसं डावीकडून मूर्तीमागे आणि उजवीकडून बाहेर अशी फिरतात. म्हणजे प्रदक्षिणाच. डाव्या कोपऱ्यात हातात कुंचला आणि गुंडाळी घेतलेला कोमोकुतेन, तो आपला विरूपाक्ष. मागच्या उजव्या कोपऱ्यातला तामोनतेन म्हणजे वैश्रवण, कुबेर. उरलेल्या दोन दिक्पालांची नुसती डोकीच जमिनीवर ठेवलेली दिसतील, त्यांचं काम अपुरं राहिलं. मागे जुन्या मंदिराची लहान प्रतिकृतीही आहे.

एका खांबाच्या बुंध्याला आरपार चौकोनी भोक आहे, बुद्धाच्या नाकपुडीएवढं म्हणतात. त्यातून पलीकडे गेलं की पुढच्या जन्मी बोधी मिळते अशी समजूत. लहान मुलं सरकन जातात. मोठ्यांनी खांदे मोजून मगच प्रयत्न करावा. तिथे दोरी लावून बंद केलेलं असेल तर ओलांडू नका.

फोटोला इथे परवानगी आहे, ट्रायपॉडला नाही. बुद्धाकडे पाठ करून हसत हसत सेल्फी काढणारे असतात, त्यांच्या शेजारी कुणी आजोबा डोळे मिटून पुटपुटत असतात. आजोबांच्या वाटेतून बाजूला व्हा.

दारातच, बाहेर पडल्यावर, लाल कापड पांघरलेली लाकडी बसलेली मूर्ती दिसते. हे बिन्झुरु, म्हणजे बुद्धाचा शिष्य पिंडोल भारद्वाज. तुमचं जे दुखतं तो त्यांचा अवयव चोळायचा, मग आपला. मी आईला एवढंच म्हटलं, "आई, हे भारद्वाज." ती थबकली. "भारद्वाज? गोत्रातले?" मग तिनं त्यांचा गुडघा दोन्ही हातांनी चोळला, नंतर स्वतःचा, आणि पुन्हा त्यांचा. मागे रांगेत उभ्या जपानी बाईंनी आपल्या कमरेकडे बोट दाखवलं. दोघी हसल्या.

## ८. गोशुइन हवं असेल तर

गोशुइन म्हणजे भिक्षूनं किंवा तिथल्या लेखनिकानं कुंचल्यानं लिहून, लाल शिक्का मारून दिलेली दर्शनाची खूण. त्याची घडीची वही मिळते. साध्या डायरीत किंवा पासपोर्टवर मागू नका, अपमान होतो. आधी दर्शन, मग गोशुइन. वहीचं कोरं पान उघडून द्या, सुट्टे पैसे हातात ठेवा (मंदिरांत साधारण ३०० ते ५०० येन) आणि म्हणा, "गोशुइन ओनेगाइशिमासु." लिहिताना फोटो काढू नका, बोलू नका. शाई ओली असते म्हणून मधे पातळ कागद घालून देतात, तो रात्रीपर्यंत काढू नका.

## ९. खाण्याबद्दल, थोडक्यात

शाकाहारी असाल तर 'भाज्यांचं सूप' किंवा उदोन (रश्शातल्या गव्हाच्या जाड शेवया) यावर विसंबू नका. रश्शात माशाचा अर्क असतो. स्टेशनजवळच्या बाजारात हिरवी योमोगी मोची मिळते, तांदळाची, आत गोड वाटण आणि वर भाजलेल्या सोयाबीनचं पीठ. डबा नेलात तर बाकावर बसून खा, पण हरणं बघून.

## १०. निगात्सुदोला चढा

बहुतेक जण महाबुद्ध पाहून परततात. तुम्ही पूर्वेकडे टेकडीवर चढा. वाटेत सुमारे सव्वीस टनांची प्रचंड घंटा लागते, ७५२ ची. मग होक्केदो, इथली सर्वांत जुनी वास्तू. आत अमोघपाश अवलोकितेश्वर आहे आणि त्याच्या दोन बाजूंना बोनतेन आणि ताइशाकुतेन, म्हणजे ब्रह्मा आणि इंद्र. तिकीट वेगळं, फोटोला मनाई.

त्याच्या शेजारी निगात्सुदो, तोदाइजीचंच टेकडीवरचं सभागृह. पैसे नाहीत, दार कधी बंद नाही. लाकडी सज्जातून महाबुद्धाचं छप्पर आणि अख्खं नारा दिसतं. मार्चमध्ये १ ते १४ तारखेपर्यंत रोज संध्याकाळी याच सज्जातून पेटत्या मशाली धावत नेतात. हा उत्सव ७५२ पासून एकदाही खंडला नाही, मंदिर जळालं त्या वर्षीही नाही. १२ तारखेला सर्वांत मोठ्या मशाली आणि सर्वांत मोठी गर्दी असते. आई-वडील बरोबर असतील तर दुसरा दिवस निवडा आणि ठिणग्या पडतात म्हणून सिंथेटिक कपडे घालू नका.

दगडी पायऱ्या पुष्कळ आहेत, कठडा धरून सावकाश चढा. वर बाजूला एक विश्रांतीची खोली आहे. दिवसा तिथे मोठ्या किटल्यांत गरम चहा असतो, फुकट, आपापला घ्यायचा. साखर-दूध नसतं. पिऊन झालं की कप तिथल्या नळाखाली विसळून पालथा ठेवायचा.